जवळचा सर्व्हर आणि खरा सर्व्हर : संगणक-जाळ्यांतील अपडेट-व्यवस्थेचा ऐतिहासिक विचार

अलिबागच्या माणसास मुंबई किती दूर आहे असे विचारले, तर तो बहुधा उलट विचारतो की, कोणत्या वाटेने? मांडव्याहून लाँचने निघाल्यास गेटवे ऑफ इंडिया सुमारे तासाभराच्या अंतरावर येते. पेण-पनवेलवरून सडकेने गेल्यास तोच प्रवास शंभर किलोमीटरांच्या आसपास भरतो. पावसाळ्यात प्रवासी लाँचा बंद झाल्या म्हणजे पहिले उत्तर काही महिने निरुपयोगी होऊन बसते. नकाशावरचे अंतर आणि वाटेचे अंतर ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ह्या किनाऱ्यावर कोणाला शिकवावे लागत नाही. संगणकांच्या जाळ्यांना मात्र हा धडा सावकाश मिळाला. आणि जवळचा तो खरा असतोच असे नाही, हा त्याच्या जोडीचा धडा तर त्याहूनही उशिरा आणि बरेच नुकसान सोसल्यावर मिळाला. प्रस्तुत लेखात ह्या दोन्ही धड्यांचा विचार एका मर्यादित प्रश्नाच्या अनुरोधाने करावयाचा आहे.

तो प्रश्न असा. एखाद्या कचेरीत, महाविद्यालयात किंवा बंदरात शेदोनशे संगणक एका जाळ्यात जोडलेले असतात. प्रत्येकावर अँटीव्हायरस हा रखवालदार बसविलेला असतो. ह्या रखवालदाराजवळ ज्ञात विषाणूंच्या ओळखखुणांची यादी असते, आणि नवे विषाणू रोज निपजत असल्यामुळे ती यादीही रोज, किंबहुना दिवसातून अनेकदा, बदलावी लागते. प्रत्येक संगणकाने ती स्वतंत्रपणे दूरच्या मुख्य ठिकाणाहून आणावयाची म्हटल्यास एकच मजकूर त्याच तारेवरून दोनशे वेळा वाहून आणावा लागेल. म्हणून कचेरीतच एक स्थानिक सर्व्हर ठेवतात. तो यादी एकदा आणतो, आणि बाकीचे त्याच्याकडून घेतात. आता सकाळी नुकत्याच सुरू झालेल्या संगणकाला हा स्थानिक सर्व्हर कोठे आहे हे कळते कसे? आणि जो सापडला तो खरा, हे कशावरून ठरते? पहिल्या प्रश्नाची उत्तरे जसजशी सफाईदार होत गेली, तसतसा दुसरा प्रश्न दृष्टीआड होत गेला, असे ह्या इतिहासाचे स्थूल स्वरूप आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा. 'सर्व्हर' ह्या शब्दास 'सेवक' हा प्रतिशब्द सुचविला जातो, पण तो येथे मुद्दाम टाळला आहे. सेवक धन्याला ओळखतो आणि धन्याच्या आज्ञेत असतो. येथे जो सेवा मागतो तोच आंधळा असतो, आणि सेवा देणारा जे देईल ते निमूटपणे स्वीकारतो. मराठीत हे नाते 'सेवक' ह्या शब्दाने सूचित होत नाही.

आरंभीच्या काळी हे दोन्ही प्रश्न उद्भवलेच नाहीत. वैयक्तिक संगणकांवर जगभर पसरलेला पहिला विषाणू म्हणून ज्याचा निर्देश होतो तो 'ब्रेन' १९८६ साली लाहोर येथे जन्मला आणि फ्लॉपीवरून हिंडला. त्यावरचे औषधही फ्लॉपीवरूनच येई. पुण्यात कैलास काटकर ह्यांचे यंत्रदुरुस्तीचे दुकान होते. दुरुस्तीला येणारे संगणक विषाणूंनी ग्रासलेले आढळू लागले, तेव्हा त्यांचे बंधू संजय काटकर ह्यांनी त्यांवर उपाय करणारी आज्ञावली लिहिली. १९९० च्या दशकाच्या मध्यास तिला 'क्विक हील' हे नाव मिळाले. महाराष्ट्रात अँटीव्हायरस ही वस्तू बहुसंख्य लोकांना प्रथम परिचित झाली ती ह्या पुणेरी नावाने. त्या दिवसांत नवी यादी म्हणजे दुकानदाराच्या किंवा दुरुस्ती करणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हातून आलेली फ्लॉपी. ती मिळण्यास महिना लागे, पण ती कोणी दिली हे घेणाऱ्यास ठाऊक असे. ठिकाण शोधणे आणि विश्वास ठेवणे ही दोन्ही कामे एकाच ओळखीने साधत. ही सोय जाळ्यांनी मोडली, आणि ती मोडली आहे हे पुष्कळ काळ कोणाच्या ध्यानात आले नाही.

मोठ्या जाळ्यांवरील पत्त्यांची व्यवस्था ह्यापूर्वीच एका संकटातून गेली होती. अमेरिकेतील आर्पानेट ह्या जाळ्यावर कोणत्या नावाच्या संगणकाचा कोणता अंकी पत्ता, ह्याची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई. एलिझाबेथ फाइनलर ह्यांच्या देखरेखीखालील कार्यालय ती सांभाळी, आणि प्रत्येक संगणक तिची प्रत उतरवून घेई. संगणक शेकड्यांनी वाढले तशी यादी शिळी होऊ लागली आणि नक्कल उतरविण्याचाच भार असह्य झाला. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस ह्यांनी सुचविलेली नाम-व्यवस्था, म्हणजे ज्याला आज डीएनएस म्हणतात ती, ह्या अडचणीतून निघाली. तीत एक मोठी यादी नसून अनेक लहान वह्या असतात. प्रत्येक वही आपापल्या क्षेत्रापुरती जबाबदार, आणि वरची वही खालच्या वहीचा पत्ता सांगणारी. भारताचे 'डॉट इन' हे नाव १९८९ मध्ये नोंदले गेले, आणि त्याची वही पुष्कळ वर्षे मुंबईच्या एनसीएसटी ह्या संस्थेत होती. महसुली दप्तराशी परिचित असलेल्या वाचकास ही रचना समजावयास कठीण नाही : जिल्ह्याने तालुका सांगावा, तालुक्याने सजा सांगावा, आणि तलाठ्याने सातबारा दाखवावा.

ही झाली दूरच्याला शोधण्याची रीत. घरातल्या घरात शोधण्याची रीत वेगळी होती, आणि ती दोन प्रकारची होती : हाक मारणे आणि दवंडी पिटणे. इथरनेट जाळ्यावर एक संदेश सर्वांना एकदम ऐकू जाईल असा पाठविता येतो. १९८२ सालच्या आरएफसी ८२६ ह्या टिपणात डेव्हिड प्लमर ह्यांनी ह्याच गुणाचा उपयोग केला. 'अमुक अंकी पत्ता कोणाचा आहे?' अशी हाक मारावयाची, आणि ज्याचा असेल त्याने उत्तर द्यावयाचे. १९८५ मध्ये बूटपी आणि १९९३ मध्ये डीएचसीपी ह्या नियमांनी ही हाक आणखी पुढे नेली. नुकताच जागा झालेला संगणक स्वतःचा पत्तासुद्धा न जाणता ओरडतो की, 'मी आलो आहे, मला पत्ता कोण देईल?', आणि जो उत्तर देईल त्याच्याकडून स्वतःचा पत्ता, नाम-सर्व्हरचा पत्ता, आणि व्यवस्था तशी असल्यास इतर सर्व्हरांचे पत्तेही घेतो. आयबीएमच्या संगणकांसाठी निघालेली नेटबायोस ही रीतही लहान जाळ्यावर नावाच्या हाका मारण्याचीच होती. दवंडीचा प्रकार नोव्हेलच्या नेटवेअरमध्ये दिसतो. तेथे प्रत्येक सर्व्हर दर साठ सेकंदांनी 'मी येथे आहे, मी अमुक सेवा देतो' असे सर्व जाळ्यास ऐकवीत असे. सर्व्हर दहा असेपर्यंत हे ठीक चाले. ते शंभर झाले आणि मधली तार मंद असली म्हणजे दवंडीनेच रस्ता अडे.

ह्या सर्व रीतींच्या मुळाशी एक न बोललेले गृहीत आहे : ज्याला माझी हाक ऐकू जाते तो माझ्याच घरातला आहे, आणि घरातला माणूस खोटे उत्तर देत नाही. ज्या प्रयोगशाळांत हे नियम लिहिले गेले तेथे ते गृहीत खरेही होते. नियम लिहिणारे भोळे होते असे मात्र म्हणता येणार नाही. डीएचसीपीच्या १९९७ सालच्या सुधारित टिपणात ही व्यवस्था तिच्या तत्कालीन स्वरूपात बरीच असुरक्षित असल्याची कबुली कर्त्यांनी स्वतःच दिली आहे. कबुली टिपणाच्या शेवटी राहिली आणि व्यवस्था जगभर गेली.

जवळपणा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न जाळी मोठी झाल्यावर उपस्थित झाला, आणि आपल्याकडे तो विशेष विचित्र रूपात आला. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे उपग्रहाच्या आधारे जोडणारे निकनेट उभारले. प्रत्येक ठिकाणी एक लहान भूस्थानक आणि मुख्य स्थानक दिल्लीस, अशी ती चांदणीच्या आकाराची रचना होती. अशा रचनेत एका जिल्ह्याचा संदेश दुसऱ्या जिल्ह्यास जावयाचा तो मध्यावरूनच. विषुववृत्तावरील उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. तेव्हा संदेश वर जावयाचा, दिल्लीस उतरावयाचा, पुन्हा वर चढावयाचा आणि मग शेजारच्या जिल्ह्यात उतरावयाचा. ही वाट १,४४,००० किलोमीटरांची झाली, आणि प्रकाशाच्या वेगानेही तीस जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. अलिबाग आणि ठाणे ही दोन्ही जिल्ह्यांची ठिकाणे एकाच मुंबई बंदराच्या दोन अंगांना आहेत, पण ह्या जाळ्याच्या दृष्टीने दोघांनाही सर्वांत जवळचे शहर दिल्ली हेच होते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केल्यावरही ही वक्रता संपली नाही. दोन निरनिराळ्या कंपन्यांचे ग्राहक एकाच शहरात असले तरी त्यांच्यातील वाहतूक कित्येकदा परदेशात जाऊन परत येई, कारण त्या कंपन्यांच्या तारा एकमेकींस देशात कोठे मिळतच नव्हत्या. २००३ साली निक्सी ही संस्था स्थापन झाली आणि मुंबईसह प्रमुख शहरांत अशा तारा एकत्र आणणारी ठाणी उभी राहिली, ती ह्या कारणास्तव. त्यामुळे 'जवळचा सर्व्हर' ही संज्ञा भारतात ज्या अर्थाने आज वापरली जाते, तो अर्थ तिला अलीकडेच प्राप्त झाला आहे.

जवळपणा मोजण्याच्या ज्या युक्त्या निघाल्या त्यांपैकी तीन येथे नोंदविणे पुरे. पहिली तक्त्याची. १९९६ साली आर्न्ट गुलब्रांडसेन आणि पॉल व्हिक्सी ह्यांनी डीएनएसमध्ये नव्या प्रकारची नोंद सुचविली. तीत 'ह्या नावाचा संगणक कोठे' एवढेच न सांगता 'ही सेवा कोण देतो, आणि अनेक असल्यास प्रथम कोणास विचारावे' हेही सांगता येते. विंडोज २००० मधील ॲक्टिव्ह डिरेक्टरीने तिचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. व्यवस्थापकाने कोणता पत्त्यांचा पट्टा कोणत्या स्थळाचा हे तक्त्यात लिहून ठेवावयाचे, म्हणजे त्या पट्ट्यातील संगणक आपल्या स्थळाचा सर्व्हर विचारतो. नव्या इमारतीस नवा पट्टा दिला आणि तक्त्यात नोंद करावयाची राहिली, की तेथील संगणक कोणत्याही गावचा सर्व्हर धरतो. फेरफार न नोंदविल्याने होणारे घोटाळे आपल्याकडे पूर्वीपासून परिचित आहेत.

दुसरी युक्ती मापाची. मॅकॅफीच्या संस्थांसाठी असलेल्या व्यवस्थेत प्रत्येक संगणकाजवळ अपडेट-भांडारांची एक यादी असते. त्यांतून कोणते निवडावे हे तीन प्रकारे ठरविता येते : कोणते भांडार लवकर प्रतिसाद देते, कोणते पत्त्याच्या दृष्टीने निकट आहे, किंवा व्यवस्थापकाने कोणता क्रम लिहून दिला आहे. ह्यातला पहिला प्रकार अलिबागच्या उत्तराशी जुळतो. नकाशा बाजूस ठेवून तो वाटच चालून पाहतो.

तिसरी युक्ती क्लॅमएव्ही ह्या मुक्त अँटीव्हायरसची, आणि प्रस्तुत लेखकास ती सर्वांत बोधप्रद वाटते. टोमाश कोइम ह्या पोलिश विद्यार्थ्याने सुरू केलेल्या ह्या प्रकल्पाजवळ पैसा नव्हता. त्याच्या यादीच्या प्रती जगभरच्या विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी आपापल्या सर्व्हरांवर फुकट ठेवल्या होत्या. ह्या भांडारांना प्रत्येक देशाच्या दोन अक्षरांनी नावे दिली होती, आणि 'लोकल' ह्या शब्दाने युक्त असे एक खास नावही होते. ते नाव विचारले की, विचारणारा कोणत्या देशातून बोलतो हे त्याच्या पत्त्यावरून ओळखून डीएनएस त्यास जवळच्या भांडाराकडे धाडी. ह्यात एक गोम होती. डीएनएसला विचारणारा हा बहुधा तुमचा संगणक नसतो. तुमच्या वतीने विचारणारा मधला नाम-सर्व्हर असतो. तो जर दुसऱ्या देशात असला तर भांडारही त्याच्या जवळचे मिळे. परंतु ह्या प्रकल्पाने एक महत्त्वाची विभागणी केली. सर्वांत नवी यादी कोणत्या क्रमांकाची हे डीएनएसमधील एका लहानशा नोंदीत जाहीर केलेले असे. यादी स्वतः भांडारातून येई. आणि ती अस्सल आहे की नाही हे तिच्यावरील अंकीय स्वाक्षरीवरून ठरे. कोठून घ्यावे, किती ताजे असावे, आणि खरे आहे का, ह्या तीन प्रश्नांना तीन स्वतंत्र उत्तरे झाली. भांडार शिळे असले तर क्रमांकावरून कळे, आणि लबाड असले तर स्वाक्षरीवरून. पुढे २००७ मध्ये हा प्रकल्प सोर्सफायरकडे आणि २०१३ मध्ये सिस्कोकडे गेला, आणि दानशूर भांडारांची जागा व्यापारी वितरण-जाळ्याने घेतली. ती विभागणी मात्र टिकून राहिली.

जवळपणा हा गुण आहेच, असे आपण गृहीत धरतो. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा इतिहास ह्या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे एकोणिसाव्या शतकापासून चालू होती. मुंबईतील ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरले, तेव्हा त्या प्रवाहाने सूक्ष्म यंत्रे बिघडतील हे जाणून संचालक नानाभाई फ्रामजी मूस ह्यांनी १९०४ मध्ये ती अलिबागेस हलविली. १९०४ ते १९०६ ह्या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेऊन जुन्या आणि नव्या आकड्यांचा मेळ घालण्यात आला. मूस ह्यांनी शहराच्या सान्निध्याची सोय सोडली आणि नव्या ठिकाणाची साक्ष जुन्याशी ताडून पाहिली. संगणक-जाळ्यांच्या रचनाकारांनी नेमकी ही दुसरी पायरी वगळली होती, आणि तिचे परिणाम २००८ नंतर एकामागून एक दिसू लागले.

त्या वर्षी अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या जस्टिन कॅपोस प्रभृति संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एक सर्व्हर भाड्याने घेतला, एका काल्पनिक कंपनीचे नाव धारण केले, आणि लिनक्सच्या पाच प्रमुख वितरणांकडे 'आम्हांला आपले अधिकृत भांडार करून घ्या' असा अर्ज केला. सर्वांनी अर्ज स्वीकारला. थोड्याच दिवसांत हजारो संगणक त्या भांडाराशी बोलू लागले, आणि त्यांत लष्करी व सरकारी संगणकही होते. संशोधकांनी कोणास अपाय केला नाही, परंतु त्यांचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. लबाड भांडारास स्वाक्षरी खोटी करण्याचीही गरज नाही. त्याने खरीच, पण जुनी वस्तू देत राहावे. स्वाक्षरी तपासली जाते, ती बरोबर ठरते, आणि ज्ञात छिद्रे असलेली जुनी आज्ञावली तशीच राहते. मुदत संपलेल्या औषधाच्या बाटलीवरही कारखान्याची मोहर खरीच असते.

२०१२ च्या मे महिन्यात 'फ्लेम' नावाचा हेरगिरी करणारा विषाणू उघडकीस आला. त्याचा संचार मुख्यतः पश्चिम आशियात होता. त्याची एक करामत आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. विंडोजचे संगणक सुरू होताना डब्ल्यूपॅड ह्या १९९९ सालच्या पद्धतीने 'बाहेर जाण्याचा मध्यस्थ कोण?' अशी हाक स्थानिक जाळ्यावर मारीत. फ्लेमने बाधित झालेला शेजारचा संगणक 'मीच' असे उत्तर देई. मग त्या संगणकाची विंडोज अपडेटची मागणी ह्या तोतयाकडे येई, आणि तो अपडेट म्हणून विषाणूच हाती ठेवी. स्वाक्षरी तपासली जात होती. पण एमडी५ ह्या जुनाट पद्धतीतील दोषाचा फायदा घेऊन स्वाक्षरीचे प्रमाणपत्रही बनावट तयार केलेले होते. मायक्रोसॉफ्टने ३ जून २०१२ रोजी ती प्रमाणपत्रे बाद केली. हाकेला उत्तर देणारा घरातलाच होता, हे त्या जुन्या गृहीताच्या दृष्टीने अगदी खरे. फक्त तो घरातला माणूस आजारी होता.

२७ जून २०१७ रोजी हा इतिहास रायगड जिल्ह्यात येऊन पोहोचला. त्या दिवशी उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात गेटवे टर्मिनल्स इंडिया ह्या टर्मिनलचे संगणक बंद पडले, आणि कंटेनरांची हलवाहलव हाताने नोंदी करून चालविण्याची पाळी आली. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील कंपनी चालवीत होती, आणि मर्स्कचे जगभरचे संगणक त्या दिवशी 'नॉटपेट्या' ह्या विषाणूने पुसून काढले. त्याचा उगम युक्रेनमध्ये होता. तेथील एम.ई.डॉक नावाच्या हिशेबाच्या आज्ञावलीचा अपडेट-सर्व्हर हल्लेखोरांनी ताब्यात घेतला होता. ती आज्ञावली अँटीव्हायरस नव्हे, पण यंत्रणा तीच. ग्राहकांच्या संगणकांनी बरोबर नाव विचारले, बरोबर पत्ता मिळविला, बरोबर सर्व्हर गाठला. शोधण्याच्या कामात कोठेही चूक झाली नाही. सर्व्हर खरा होता आणि त्याने दिलेली वस्तू विषारी होती. आत शिरल्यावर ह्या विषाणूने डीएचसीपी सर्व्हरालाच विचारून जाळ्यावरील संगणकांचे पत्ते गोळा केले. आलेल्या पाहुण्यास घर दाखविण्यासाठी ठेवलेली यादी चोराने वाचली.

मर्स्कच्या पुनरुज्जीवनाची हकीकत पुढे प्रसिद्ध झाली आहे. कोणता संगणक कोणाचा आणि कोणास काय अधिकार, हे सांगणारे डोमेन कंट्रोलर कंपनीजवळ दीडशेच्या आसपास होते, आणि ते परस्परांच्या प्रती ठेवीत असल्यामुळे एक गेला तरी बाकीचे उरतील असा हिशेब होता. ते सर्व एकदम गेले. उरला तो पश्चिम आफ्रिकेतील घानाच्या कचेरीतला एक. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. तारेवरून त्याची माहिती इंग्लंडला आणणे इतके मंद पडले असते की, घानातील कर्मचाऱ्याने विमानाने नायजेरियास जाऊन डिस्क दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिली, आणि त्याने ती पुढे नेली. फ्लॉपीच्या युगातील ओळखीचा माणूस ह्या रीतीने एकदा परत आला. भारनियमनाचा अनुभव असलेल्या वाचकास ही हकीकत वाचून मनातल्या मनात हसू आल्यास नवल नाही.

अँटीव्हायरसच्याच अपडेटवर घाला पडल्याचे उदाहरण आपल्या आणखी जवळचे आहे. मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीच्या 'ईस्कॅन' ह्या उत्पादनाविषयी एव्हास्टच्या संशोधकांनी एप्रिल २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. अपडेट एन्क्रिप्शन नसलेल्या साध्या एचटीटीपी मार्गाने येत असल्यामुळे वाटेवर बसलेल्या हल्लेखोरांना मूळ पुडके बदलून त्या जागी स्वतःचे ठेवता आले, असे त्यात म्हटले आहे. ह्या मोहिमेस संशोधकांनी 'गुप्टीमायनर' असे नाव दिले. त्यांनी ही बाब कंपनीस आणि भारत सरकारच्या सर्ट-इन ह्या संस्थेस कळविल्यावर, ३१ जुलै २०२३ रोजी दोष दूर झाल्याचे कंपनीने कळविले, असेही त्यात नमूद आहे. येथे सर्व्हर खरा होता, वस्तूही निघताना खरी होती; बिघाड मधल्या वाटेवर झाला.

मुंबईच्या इतिहासात ह्याच स्वरूपाचा वाद एकदा माणसांच्या लसीवरून झाला होता. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमधील प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन ह्यांची प्लेगची लस तयार होई आणि बाटल्यांतून देशभर जाई. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल ह्या गावी एका बाटलीतून टोचलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. दोष परळचा की मलकोवालचा? प्रथम चौकशीने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला, आणि हाफकिन ह्यांचे पद गेले. बाटली उघडताना तेथील सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे पुराव्यानिशी मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. बाटलीने कारखाना सोडला तेव्हा ती शुद्ध होती, हे सिद्ध करण्याचे साधन त्या काळी नव्हते. अंकीय स्वाक्षरी हे असे साधन आहे : मजकुराचे एक अक्षर वाटेत बदलले तरी स्वाक्षरी जुळत नाही. एम.ई.डॉकसारख्या प्रकारात, जेथे कारखान्यातच विष मिसळले जाते, तेथे एकटी स्वाक्षरी पुरत नाही. कॅपोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेली रचना ह्याच अडचणीतून निघाली. तीत स्वाक्षरीचा अधिकार अनेक चाव्यांत विभागलेला असतो, मुख्य चावी जाळ्याबाहेर ठेवता येते, आणि प्रत्येक यादीवर मुदतीची तारीख असते. मुदत संपलेली यादी खरी असली तरी नाकारली जाते.

शेजाऱ्यावर विश्वास न ठेवता शेजाऱ्याकडून घेण्याची रीतही ह्यातून रुळली. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मध्ये एकाच जाळ्यावरील संगणक अपडेटचे तुकडे परस्परांस देतात. प्रत्येक तुकड्याचा ठसा मात्र केंद्राकडून स्वतंत्रपणे येतो, आणि ठसा न जुळणारा तुकडा फेकला जातो. शेजारी कोण आहे ह्याला येथे महत्त्वच उरत नाही. स्थानिक सर्व्हर शोधण्यासाठी चाळीस वर्षे जी हाक मारली गेली, ती ह्या व्यवस्थेत प्रथमच निरुपद्रवी झाली.

जुन्या हाका मात्र बंद झालेल्या नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईच्या कचेरीतला लॅपटॉप घेऊन कोणी मांडव्यास उतरतो आणि अलिबागच्या एखाद्या उपाहारगृहाच्या वायफायवर तो उघडतो. कचेरीत असताना जे अंतर्गत नाव तो विचारीत होता, तेच नाव तो येथेही विचारतो. कचेरीच्या भिंतीत ज्या नावाला एकच उत्तर होते, त्या नावाचा प्रश्न आता बाहेरच्या जगात जातो. मिशिगन विद्यापीठ आणि व्हेरिसाइन येथील संशोधकांनी हा प्रकार तपासला, आणि मे २०१६ मध्ये अमेरिकेच्या संगणक-सुरक्षा कार्यालयाने त्याविषयी इशारा दिला. अनेक कंपन्या अंतर्गत वापरासाठी जी नावे मनाने योजीत होत्या, ती नव्याने खुल्या झालेल्या सार्वजनिक नावांशी जुळू लागली होती. आणि असे नाव कोणीही विकत घेऊन त्या भरकटलेल्या हाकांना उत्तर देऊ शकत होता. त्या इशाऱ्यातील सूचना साध्या आहेत : मध्यस्थ आपोआप शोधण्याची सवय गरज नसेल तेथे बंद करावी, आणि अंतर्गत नावे स्वतःच्या मालकीच्या नोंदलेल्या नावाखालीच ठेवावीत. मांडव्याच्या धक्क्यावर उतरणाऱ्या किती लॅपटॉपांत ती सवय अजून चालू आहे, हे पाहण्यास प्रत्येक लॅपटॉप उघडूनच बघावा लागेल.